फॅमिली मेडिसिनच्या रेसिडेन्सीत कोण येते आणि तेथे काय शिकवले जाते?

सातपुडा_एमओ यांचा प्रश्न

नमस्कार. मी महाराष्ट्रातील एका शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस केले आणि २०२० पासून धडगाव तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करीत आहे. आलो होतो बंधपत्राच्या एका वर्षासाठी. ते वर्ष संपले आणि मी राहिलो. बाळंतपणे, सर्पदंश, सिकलसेलचे रुग्ण, कुपोषित बालके, क्षयरोगाचा पाठपुरावा, आणि मध्यरात्री १०८ची गाडी येईपर्यंत रुग्णाला सांभाळणे, असे सर्व काही येथे एकाच डॉक्टरला करावे लागते.

यूएसएमएलई या अमेरिकेतील वैद्यकीय परवान्याच्या परीक्षेचे स्टेप १ आणि स्टेप २ सीके हे दोन्ही टप्पे मी उत्तीर्ण झालो आहे आणि येत्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील फॅमिली मेडिसिनच्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या प्रशिक्षणासाठी, अर्ज करणार आहे. विषय निवडताना मला फारसा विचार करावा लागला नाही, कारण मी आज जे काम करतो त्याला तिकडे याच नावाने ओळखतात असे मला वाटते. मात्र माझ्याबरोबर पहिल्या वर्षात रुजू होणारे इतर डॉक्टर कोणत्या पार्श्वभूमीचे असतात? ज्याने इतकी वर्षे स्वतःच्या जबाबदारीवर रुग्ण पाहिले आहेत, त्याला या तीन वर्षांत नवे असे काय शिकवले जाते? आणि पदवीनंतरची माझी ही वर्षे तेथे अनुभव म्हणून मोजली जातात, की खंड म्हणून?

सोलापूरकर_रेसिडेंट

मी अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील एका लहान शहरात फॅमिली मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षात आहे. आमच्या तुकडीत आठ जण आहेत. दोघे याच राज्यातील विद्यापीठातून एमडी झालेले, तिघे डीओ (ऑस्टिओपॅथीच्या महाविद्यालयातून डॉक्टर झालेले), एक अमेरिकन नागरिक पण कॅरिबियन बेटांवरील महाविद्यालयात शिकलेला, आणि परदेशी पदवीधर म्हणून मी व नेपाळची एक डॉक्टर. यांपैकी एकाने वैद्यकीय शिक्षणापूर्वी सहा वर्षे माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवले आहे, एक जण रुग्णवाहिकेवर पॅरामेडिक होता, तर एक जण दवाखान्यात स्पॅनिश दुभाषा म्हणून काम करीत असे. येथे आधी चार वर्षांची पदवी आणि त्यानंतर चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण असा क्रम असल्यामुळे मधल्या काळात नोकरी केलेले लोक बरेच भेटतात. आपल्याकडे बारावीनंतर थेट एमबीबीएसला गेलेल्या माणसाला हे प्रथम विचित्र वाटते. मलाही वाटले होते. पुढे त्या शिक्षकाला एका मुलाच्या आईशी बोलताना पाहिले आणि ही सहा वर्षे वाया गेलेली नाहीत हे मला समजले.

आपल्याला काय शिकायचे उरते, याचे उत्तर मला पहिल्याच महिन्यात मिळाले. एक वृद्ध गृहस्थ मुलीबरोबर क्लिनिकमध्ये आले होते. गळ्यातील शीर, यकृताची सूज आणि पायांवरील सूज पाहून हृदयाची क्रिया मंदावल्याचे मी इको (हृदयाची सोनोग्राफी) होण्यापूर्वीच सांगितले, आणि माझ्या प्रीसेप्टरांनी, म्हणजे देखरेख करणाऱ्या वरिष्ठ डॉक्टरांनी, त्याचे मनापासून कौतुक केले. त्यानंतर निदान समजावून सांगताना मी सगळे बोलणे मुलीशी केले. त्या खोलीत कॅमेरा असतो, ज्याची कल्पना रुग्णाला देऊन संमती घेतलेली असते, आणि आमच्या प्रशिक्षण कार्यक्रमातील वर्तनशास्त्राच्या प्राध्यापिका तो संवाद पाहत होत्या. त्यांनी नंतर मला चित्रफीत दाखवून एवढेच विचारले, की या बारा मिनिटांत रुग्णाकडे किती वेळा पाहिलेस? मी मोजले. दोनदा. सोलापूरला वॉर्डात नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगण्याची सवय माझ्या हाडीमाशी खिळली होती, आणि ती आपल्या परिस्थितीतून आलेली सवय आहे हे मला मान्य आहे. पण आजार त्या गृहस्थांचा होता आणि निर्णयही त्यांचाच होता.

म्हणून आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की हातांना शिकण्यासारखे आपल्याला थोडे उरते आणि बोलण्या-ऐकण्याला पुष्कळ. नैराश्याची प्रश्नावली घेणे, दारूविषयी दोष न देता विचारणे, पंचेचाळिसाव्या वर्षी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी सुचवणे आणि रुग्णाने नकार दिला तर पुढच्या भेटीत तो विषय न चिडता पुन्हा काढणे, यांपैकी कशाचेच शिक्षण मला मिळाले नव्हते. लिहिण्याचे कामही अफाट आहे. रुग्ण पाहून झाले तरी संगणकावर तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या मागण्या आणि रुग्णांचे निरोप साठलेले असतात, आणि पहिले सहा महिने मी ते रात्री घरी बसून संपवीत असे.

ओहायो_काका

मी गेली अनेक वर्षे एका सामुदायिक रुग्णालयाच्या फॅमिली मेडिसिन कार्यक्रमात शिकवतो आणि दर हिवाळ्यात उमेदवारांच्या मुलाखती घेतो. आधी थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय या तीन वर्षांची रचना समजत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत विशेषज्ञांची संख्या वेगाने वाढली आणि सर्वसाधारण वैद्यकी करणारे डॉक्टर कमी होत गेले. १९६६ साली मिलिस आणि विलार्ड यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांचे अहवाल आले. माणसाला अवयवांत न वाटता त्याची सलग काळजी घेणारा डॉक्टर हवा आणि त्याला त्यासाठी वेगळे प्रशिक्षण हवे, असा त्यांचा रोख होता. १९६९ साली आमची ही शाखा विसावी विशेषशाखा म्हणून मान्य झाली. तिच्या मंडळाने आधीपासून व्यवसाय करणाऱ्या कोणालाही परीक्षेविना प्रमाणपत्र दिले नाही आणि ठराविक वर्षांनी पुन्हा परीक्षा देण्याची अट सुरुवातीपासून ठेवली. केवळ अनुभव पुरेसा मानायचा नाही, असा हा निर्णय होता. डॉक्टर, आपला प्रश्न वाचताना मला तोच आठवला.

आता प्रशिक्षणाविषयी. पहिल्या वर्षी रुग्णालयातील औषधवैद्यक (मेडिसिन), बालरोग, प्रसूती, शल्यचिकित्सा आणि तातडीचा विभाग असे महिने असतात आणि त्या वर्षी बहुतेक वेळ दुसऱ्यांच्या वॉर्डात जातो. सलग चार आठवड्यांची सरासरी काढून आठवड्याला ८० तासांची मर्यादा आहे. परंतु या शिक्षणाचा कणा आहे तो रेसिडेंटच्या स्वतःच्या क्लिनिकचा. प्रत्येकाला रुग्णांची एक यादी मिळते, तिला आम्ही पॅनेल म्हणतो, आणि ती माणसे तीन वर्षे त्याचीच असतात. पूर्वी तीन वर्षांत १,६५० भेटी पूर्ण कराव्या लागत. जुलै २०२३ पासूनच्या नव्या नियमांनी भेटी मोजणे सोडून आपल्या क्लिनिकमधील रुग्णांसाठी किमान १,००० तास देण्याची अट आणली. मला हा बदल योग्य वाटतो, कारण भेटींची संख्या भरण्यासाठी रेसिडेंट सर्दी-खोकल्याचे रुग्ण घेत आणि गुंतागुंतीचा रुग्ण सहकाऱ्याकडे सरकवत, हे मी पाहिले आहे.

आपल्या केंद्रात आपण एका दिवसात जितके रुग्ण पाहता तितके आमचा पहिल्या वर्षाचा रेसिडेंट आठवड्यातही पाहत नाही. तरीसुद्धा त्याला एका गोष्टीची सक्ती असते, जी आपल्याला बहुधा कोणी केली नसेल: प्रत्येक रुग्णानंतर प्रीसेप्टिंगच्या खोलीत येऊन, आपण काय ठरवले आणि का ठरवले हे वरिष्ठाला सांगायचे. अनुभवी परदेशी डॉक्टरांना हे सुरुवातीला फार जड जाते. स्वतःच्या देशात दहा वर्षे शल्यचिकित्सा केलेल्या एका रेसिडेंटने मला एकदा अतिशय दुखावलेल्या स्वरात विचारले होते, की साध्या रक्तदाबाच्या गोळीसाठीही मी आपली परवानगी घ्यायची का? मी त्यांना म्हणालो, परवानगी नको, कारण सांगा. वर्षभरानंतर तेच कनिष्ठांना कारणे विचारू लागले होते.

आपल्या खंडाविषयी. पदवी मिळून पाचपेक्षा अधिक वर्षे झालेल्यांचे अर्ज काही कार्यक्रम संगणकावर आधीच गाळतात, हे खरे आहे. ही पद्धत मला अन्यायाची वाटते, कारण तिच्यात घरी बसून परीक्षेची तयारी करणारा आणि वीस हजार लोकसंख्येचे केंद्र चालवणारा एकाच चाळणीत पडतो. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी प्रत्येक कार्यक्रमाची अट पाहा आणि ज्यांना अट नाही तेथे अधिक अर्ज करा. फॅमिली मेडिसिनमध्ये आता दरवर्षी ५,००० हून अधिक जागा असतात आणि पहिल्या फेरीत सर्व भरत नाहीत. परदेशी पदवीधरांना येथे वाव मिळण्याचे तेही एक कारण आहे. पण जागा मिळते म्हणून हा विषय निवडणारे आणि हाच विषय हवा म्हणून येणारे यांतला फरक मुलाखतीत दहा मिनिटांत कळतो. अर्जासोबतच्या आपल्या निवेदनात ‘मला लोकसेवेची आवड आहे’ असे लिहू नका, ते सगळेच लिहितात. एखाद्या सिकलसेलच्या मुलाला आपण किती वर्षे पाहत आहात आणि त्याच्या घरात या काळात काय बदलले, ते लिहा. येथे सर्व राज्यांत नवजात बाळांची सिकलसेलसाठी तपासणी होते आणि आमच्या पॅनेलवरही असे रुग्ण असतात, तेव्हा वाचणाऱ्याला आपले म्हणणे लगेच कळेल.

एडिसनहून_एक_बाबा

वर डीओंचा उल्लेख आला म्हणून थोडी भर घालतो. माझी मुलगी डीओ आहे आणि या जुलैत फॅमिली मेडिसिनच्या पहिल्या वर्षात रुजू झाली. आपल्या समाजात मला अजूनही विचारतात, की ती ‘खरी’ डॉक्टर आहे ना, आणि या प्रश्नाने तिला झालेला त्रास मी पाहिला आहे. ऑस्टिओपॅथीचे पहिले महाविद्यालय १८९२ साली मिसूरीतील कर्क्सव्हिल येथे अँड्र्यू टेलर स्टिल यांनी सुरू केले. आजचे डीओ एमडींप्रमाणेच चार वर्षे संपूर्ण वैद्यकशास्त्र शिकतात, त्याशिवाय स्नायू व सांध्यांवरील हस्तोपचार शिकतात, आणि प्रत्येक राज्यात त्यांना पूर्ण परवाना मिळतो. २०२० पासून दोघांच्या रेसिडेन्सीला मान्यता देणारी व्यवस्थाही एकच आहे. या शाखेत त्यांचे प्रमाण मोठे आहे, तेव्हा आपले सहकारी बहुधा तेच असतील. मुलगी सांगते, की दुखऱ्या पाठीचा रुग्ण आला की सगळे तिला हाक मारतात.

डीएनबी_नाशिक

मी महाराष्ट्रातच डीएनबी फॅमिली मेडिसिन हा पदव्युत्तर अभ्यासक्रम करीत आहे. आपण जाऊ नये असे मी म्हणत नाही. परंतु हा अभ्यासक्रम येथेही आहे, हे आपल्याच अनेक सहकाऱ्यांना ठाऊक नसते म्हणून लिहिते. नीट-पीजीनंतर तीन वर्षांचा हा अभ्यासक्रम राष्ट्रीय परीक्षा मंडळ चालवते, आणि एमडी फॅमिली मेडिसिन कोझिकोडच्या शासकीय महाविद्यालयासारख्या मोजक्याच ठिकाणी आहे. माझ्या तुकडीत पाच वर्षे स्वतःचा दवाखाना चालवून आलेले एक डॉक्टर आहेत आणि बाकीचे इंटर्नशिपनंतर थेट आलेले आहेत.

ओहायोच्या काकांनी लिहिलेला पॅनेलचा भाग वाचून मात्र मला वाईट वाटले. आम्ही मेडिसिन, बालरोग, स्त्रीरोग अशा विभागांत फिरतो आणि प्रत्येक ठिकाणी पाहुणे असतो. एकच कुटुंब तीन वर्षे आमच्याकडे येत राहील अशी स्वतःची ओपीडी आमच्या संस्थेत नाही. ज्या देशात प्रत्येक गल्लीत फॅमिली डॉक्टर होते, तेथे त्या कामाचे शिक्षण देणारी ओपीडी नसावी, याची मला खंत आहे. सर, आपले आरोग्य केंद्र ही खरे तर अशा शिक्षणाची जागा आहे.

सातपुडा_एमओ

सर्वांचे मनापासून आभार. नाशिकच्या डॉक्टरांचे शेवटचे वाक्य मी माझ्या परिचारिका आणि आशाताईंना वाचून दाखवले. सोलापूरच्या ताईंनी लिहिलेला प्रसंग वाचून काल ओपीडीत स्वतःकडे लक्ष दिले; पावरी बोलणाऱ्या आजींशी बोलताना मी त्यांच्या नातवाकडेच पाहत होतो.

काका, दोन शंका उरल्या आहेत. माझ्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी माझे काम पाच वर्षे पाहिले आहे. त्यांचे शिफारसपत्र चालेल का, की केवळ अमेरिकेतील डॉक्टरांचीच पत्रे घ्यावीत? आणि जे-१ व्हिसावर आल्यास पुढे काय होते?

ओहायो_काका

एका कार्यक्रमाला चार पत्रे देता येतात. त्यांतील एक तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचे अवश्य द्या, आणि उरलेली अमेरिकेत रुग्णसेवेच्या ठिकाणी आपल्याला प्रत्यक्ष काम करताना पाहिलेल्या फॅमिली डॉक्टरांकडून घ्या. अधिकाऱ्यांना विनंती करा, की ‘कष्टाळू व प्रामाणिक’ एवढ्यावर न थांबता आपण घेतलेला एखादा निर्णय त्यांनी तपशिलाने लिहावा.

जे-१ व्हिसावर प्रशिक्षण संपले की दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. कॉनराड ३० या योजनेखाली प्रत्येक राज्य वर्षाला तीस डॉक्टरांसाठी ती अट माफ करण्याची शिफारस करू शकते, आणि त्याच्या बदल्यात डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात तीन वर्षे काम करावे लागते. तो भाग बहुधा शहरापासून लांब असतो आणि रात्री गाडी येईपर्यंत रुग्ण तेथेही सांभाळावा लागतो, तेव्हा या अटीची भीती आपल्याला वाटू नये. एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी मात्र रुजू होण्यापूर्वीच स्टेप ३ उत्तीर्ण असावे लागते, आणि सर्वच कार्यक्रम तो व्हिसा देत नाहीत. निवेदनाचा मसुदा तयार झाला की येथे टाका, मी वाचून सांगतो.