बाबांचा शर्ट घरी रंगवला, चट्टे पडले आणि रंगही सुटतोय, आता काय करता येईल?

निळीशाई:
नमस्कार मंडळी, बाबांचा एक आकाशी रंगाचा शर्ट आहे, पुढे दोन खिसे, कॉलरपाशी आणि खांद्यावर पार विटलाय पण कापड अजून इतकं मऊ आणि धड आहे की टाकवत नाही. बाबा आता नाहीत त्यामुळे तो नुसता कपाटात ठेवण्यापेक्षा आपण घालावा असं फार वाटत होतं. म्हणून रंगवायला घेतला. 'सगळ्या कापडांसाठी' असं लिहिलेलं रंगाचं पाकीट आणलं, मरून रंगाचं, एका व्हिडिओत बघितलं तसं पातेल्यात पाणी उकळलं, मीठ टाकलं, रंग पक्का व्हावा म्हणून वाटीभर व्हिनेगर टाकलं आणि शर्ट सोडला. अर्ध्या तासाने काढला तर मरून नाहीच, वांगी रंग आलाय, तोही सगळीकडे सारखा नाही, पाठीवर ढगांसारखे गडद चट्टे आणि काखेत फिकट पट्टा. बरं तेही चाललं असतं पण तीन वेळा धुतला तरी दर वेळी पाणी लाल होतंय. शिवणीचा दोरा तसाच आकाशी राहिलाय आणि बटणं आधी चकाकायची ती आता खडूसारखी निस्तेज झालीत.

माझं काय चुकलं आणि यातून काही वाचवता येईल का? प्लीज सांगा, हा एकच शर्ट आहे.

रंगारी:
वाचेल शर्ट, घाबरू नका. पण आधी काय झालं ते नीट समजून घ्या म्हणजे पुढची पायरी चुकणार नाही.

'सगळ्या कापडांसाठी' म्हणून जे रंग मिळतात त्यात साधारणपणे दोन जातीचे रंग एकत्र केलेले असतात, एक सुती कापडाला धरणारा आणि दुसरा लोकर, रेशीम, नायलॉन यांना धरणारा. तुमचा शर्ट सुती असेल तर त्यातला दुसरा रंग त्याला धरलाच नाही, तो वाहूनच जाणार होता. आणि जो सुताला धरतो तोही गरम पाणी आणि मिठाच्या जोरावर धाग्याला नुसता चिकटून बसतो, म्हणून प्रत्येक धुण्यात थोडा थोडा सुटतो. व्हिनेगरचा उपयोग फक्त त्या लोकर-रेशमाच्या रंगाला. सुती कापडावर व्हिनेगरने रंग पक्का होतो हे सगळीकडे सांगतात पण ते खरं नाही, कितीही ओता. उलट तुमची बटणं शिंपल्याची असणार, शिंपलं म्हणजे चुन्याच्याच जातीचं, गरम आंबट पाण्यात त्याचा वरचा थर खरवडला गेला.

वांगी रंग का आला? कारण खालचा आकाशी कुठे गेला नव्हता. घरी रंगवताना जुना रंग पुसला जात नाही, नवा त्याच्यावर चढतो. निळ्यावर मरून म्हणजे वांगी, निळ्यावर पिवळा म्हणजे हिरवा. म्हणून गडदावरून फिक्यावर येता येत नाही, फिक्यावरून गडदावर जाता येतं.

चट्ट्यांचं बोलायचं तर शर्ट कोरडाच सोडला होता का? आणि पातेलं केवढं होतं?

निळीशाई:
हो कोरडाच सोडला. पातेलं लहान होतं, शर्ट कोंबूनच बसवला होता आणि मी अधूनमधून चिमट्याने खाली दाबत होते.

रंगारी:
तिथेच चट्टे पडले. कोरड्या कापडाचा जो भाग आधी भिजतो तो रंग ओढून घेतो, आणि घडीच्या आत रंग पोचतच नाही.

सुईदोरा:
मी शिवणकाम करते म्हणून दोऱ्याबद्दल सांगते. तयार कपड्यांची शिवण बहुतेक वेळा पॉलिएस्टरच्या दोऱ्याची असते आणि सुताचा रंग पॉलिएस्टरला अजिबात धरत नाही. ती शिवण तशीच राहणार, हे मनाशी धरूनच रंगवायचं. मला तर गडद कापडावर ती फिकी टीप छान दिसते, पण नको असेल तर वरची दिसणारी टीप उसवून नव्या दोऱ्याने मारता येईल.

मुख्य म्हणजे ताई, शर्ट नक्की सुती आहे याची खात्री केलीत का? जुन्या शर्टांत सूत-पॉलिएस्टर मिश्रण पण खूप असायचं. आतल्या शिवणीतून दोन-चार धागे काढा, चिमट्यात धरून सिंकवर काडीने पेटवा. सूत कागदासारखं जळतं, वास कागदाचा आणि मागे मऊ राख, बोटाने चिरडली की उडून जाते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर टणक मणी राहतो. लोकर-रेशीम असेल तर केस जळाल्याचा वास येतो, विसरणं शक्य नाही. आडवा आणि उभा दोन्ही धागे तपासा.

निळीशाई:
केलं! कापडाचे दोन्ही धागे भुरकन जळले आणि राख अगदी मऊ. शिवणीच्या दोऱ्याचा मात्र काळा मणी झाला. म्हणजे कापड पूर्ण सुती. शर्ट कोरडा २४० ग्रॅम भरला. आता?

रंगारी:
उत्तम. सुती म्हणजे आता रिॲक्टिव्ह रंग आणा, थंड पाण्यातले सुती कापडाचे रंग म्हणूनही ओळखतात. १९५६ साली हे पहिल्यांदा बाजारात आले. हे धाग्याला नुसते चिकटत नाहीत, धाग्याशी रासायनिक बंध करतात, आणि तो बंध घडवून आणतो धुण्याचा सोडा. मीठ फक्त रंगाला पाण्यातून कापडाकडे ढकलतं, पक्कं करण्याचं काम सोड्याचं. खायचा सोडा नाही हं, धुण्याचा.

चट्टे आहेत म्हणून काळाच घ्या, दुसरा कुठलाही रंग घेतलात तर ते ढग खालून दिसत राहतील. काळ्याला रंग जास्त लागतो, कापडाच्या वजनाच्या ८ टक्के धरा म्हणजे साधारण २० ग्रॅम. पाणी वजनाच्या वीस पट, ५ लिटर. मीठ २५० ग्रॅम, सोडा ५० ग्रॅम. सोडा कोरडी पूड असेल तर हे माप, खड्यांच्या रूपातला असेल तर त्यात पाणी धरलेलं असतं, मग अडीच पटीपेक्षा थोडा जास्त लागेल.

आधी शर्ट कडक गरम पाण्यात साबण आणि चमचाभर सोडा घालून धुवा, एकदा नाही, पाणी जवळजवळ नितळ येईपर्यंत. कॉलरचा तेलकटपणा गेलाच पाहिजे, तेलावर रंग बसत नाही. काखेतला फिकट पट्टा मला तरी त्यातलाच वाटतो. वाळल्यावर पाण्याचा एक थेंब कापडावर टाका, लगेच जिरला तर ठीक, मण्यासारखा उभा राहिला तर परत धुवा.

मग प्लॅस्टिकच्या मोठ्या बादलीत कोमट पाण्यात मीठ विरघळवा, रंग वेगळ्या भांड्यात थोड्या पाण्यात कालवून गाळून घाला, शर्ट ओला करून त्यात बुडवा आणि २० मिनिटं सतत हलवत राहा. सोडा वेगळ्या गरम पाण्यात विरघळवून घ्या, शर्ट एका बाजूला करून तीन वेळा थोडा थोडा घाला, थेट कापडावर ओतायचा नाही. पुढे तासभर, पहिली १० मिनिटं सतत आणि नंतर दर पाच मिनिटांनी ढवळायचं. हात दुखतात पण सारखेपणा यातूनच येतो.

शेवटी आधी गार पाण्यात खळबळून मीठ आणि सोडा काढा, मग खूप गरम पाण्यात भिजत ठेवा, परत परत. यात भरपूर रंग निघेल, तेव्हा हिरमुसू नका. तो कापडाऐवजी पाण्याशीच जुळलेला रंग असतो, तो निघायलाच हवा. उरलेलं रंगाचं पाणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, सोडा पडल्यावर काही तासांत त्याची ताकद जाते.

ओलीचिंब:
वरचं सगळं बरोबर आहे, फक्त एक गोष्ट राहिली आणि ती फार महत्त्वाची आहे. रिॲक्टिव्ह रंगाची पूड कालवताना चांगला मास्क लावा आणि पंखा बंद करा. ती पूड बारीक असते, श्वासात गेली तर ॲलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की पुढे जराशा पुडीनेही त्रास होतो. हातमोजे पण घालाच. आणि ताई, ज्या पातेल्यात रंगवलंत ते परत स्वयंपाकाला वापरू नका. ॲल्युमिनियमचं असेल तर सोड्यासाठी पण नको, सोडा ॲल्युमिनियम खातो.

निळीशाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. मास्क लावून, बटणं आधीच काढून ठेवून, काल सगळं अगदी सांगितल्यासारखं केलं. थेंबाची परीक्षा पहिल्यांदा कॉलर नापास झाली म्हणून परत धुतला. सोडा घातल्यावर पाणी बदललेलं दिसत नव्हतं पण शर्ट हळूहळू गडद होत गेला, ते बघत बसावंसं वाटत होतं. गरम पाणी सहा वेळा बदललं, सहाव्यांदा फिकट राखाडी झालं.

वाळल्यावर काळा आलाय, छान गडद. पाठीवरचे ढग उन्हात तिरकं धरलं तरच जाणवतात, काखेतला पट्टा गेला. कॉलरच्या कडेला कापड विरलंय तिथे जरा करडं दिसतं, ते मला आवडलंय. शिवण सगळी आकाशी. खिशांच्या कडेने जी दुहेरी टीप आहे ना, ती आता इतकी उठून दिसतेय, आधी कधी लक्षातच आली नव्हती. सुईदोरा ताई, मी काहीच उसवणार नाहीये.

एकच शंका, आता बाकीच्या कपड्यांबरोबर धुतला तर चालेल ना?

रंगारी:
ओल्या शर्टावर पांढरा सुती रुमाल ठेवा आणि गरम इस्त्री दाबून धरा. रुमालाला रंग लागला तर अजून दोनदा गरम पाण्यातून काढा. नाही लागला तर खुशाल धुवा.

निळीशाई:
आत्ताच केलं, खिशावर आणि कॉलरवर दोन्हीकडे. रुमाल पांढराच आहे. आता बटणं लावायला बसतेय.