मदत हवी आहे: मणक्याच्या दुखण्याच्या गोळ्या सुटत नाहीयेत

नमस्कार. नेहमीच्या आयडीने लिहायचा धीर झाला नाही, म्हणून नवा घेतला. मी यावल तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, वय ४१.

मागच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी शाळेतून येताना केळीच्या ट्रॉलीला जागा द्यायला स्कूटी साइडपट्टीवर घेतली, ती घसरली आणि मी बसल्या बसल्या आपटले. एल-वन मणका दबला. ऑपरेशन लागलं नाही. दीड महिना अंथरुणात, मग तीन महिने पट्टा. डिस्चार्जच्या कागदावर ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी होती, ३७.५ आणि ३२५ ची. दिवसाला दोन, १५ दिवस. तो कागद अजून माझ्याकडे आहे. पण या गोळीची शरीराला सवय लागते हे कुणी तोंडाने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

त्या १५ दिवसांचे १४ महिने झालेत. शाळेवर परत गेले तेव्हा उभं राहून शिकवायला त्रास व्हायचा, म्हणून दोनाच्या चार झाल्या. चाराच्या सहा कधी झाल्या आठवत नाही. आता आठ. गावातला मेडिकलवाला चिठ्ठी मागायला लागला तेव्हापासून मी एकदा फैजपूर, एकदा सावदा, एकदा भुसावळ अशी फिरते. स्ट्रिप कुरडयांच्या डब्यात तळाशी ठेवते, कारण तो डबा माझ्याशिवाय कुणी काढत नाही. पहाटे सगळे झोपलेले असताना गोळी काढली की तो फॉइलचा कट्ट आवाज होतो ना, तो येऊ नये म्हणून मी स्ट्रिप पदरात धरून गोळी काढते. हे लिहितानाही हात थांबतोय.

सुरुवातीला गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात अंगात ऊब यायची. पाठ तर थांबायचीच, पण घरचं, शाळेचं, ऑनलाइन माहिती भरायचं सगळं ओझं लांब जायचं. ती ऊब केव्हाच गेली. आता गोळी मला फक्त माणसात आणते.

दोनदा बंद करून पाहिलं. मे महिन्यात माहेरी, अमळनेरला गेले होते, तेव्हाचं सांगते. दुसऱ्या दिवशी दुपारपासून एकावर एक जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी. बाहेर ४४ डिग्री आणि माझ्या अंगावर काटा! पोट चालू झालं. रात्री पाय जागेवर राहीनात, सतत झटकावेसे वाटत होते. मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं. आणि पाठ अशी दुखायला लागली की मणका परत मोडला असंच वाटलं. आई गच्चीवर माझ्याजवळ बसून पाय चेपत होती आणि ‘काय व्हयनं व माय?’ विचारत होती. पहाटे चारला मी पर्समधल्या दोन गोळ्या घेतल्या. पाचला मी आईसाठी चहा करत होते, काही झालंच नव्हतं अशी.

एक्स-रेमध्ये हाड जुळलंय. मग ही पाठ खरी दुखते की गोळी मागते?

दिवाळीच्या सुट्टीत दार लावून घेऊन एकदम बंद करायचं मनात आहे. सुट्टीत निभेल का? व्यसनमुक्ती केंद्रात भरती व्हावंच लागतं का? झोप लागत नाही म्हणून एका दुकानातून अल्प्राझोलाम आणलीय, ती चालेल का? आणि ट्रॅमाडॉल नशेच्या औषधांच्या कायद्यात आहे असं वाचलं, तर डॉक्टरांना खरं सांगितलं की केस होते का? घरी अजून कुणाला माहीत नाही. ह्यांना वाटतं मी कॅल्शियम घेते.

प्रतिसाद १

ताई, मी सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. आधी ती अल्प्राझोलाम बाजूला ठेवा. ट्रॅमाडॉलसोबत ती घेतली तर झोपेत श्वास मंदावतो. आणि ती रोज घेतली तर तिचीही सवय लागते, मग दोन गोष्टी सोडवत बसावं लागतं.

एकदम बंद करू नका. ट्रॅमाडॉल अफूच्या जातीच्या औषधांसारखं काम करतं, पण शिवाय मेंदूतल्या रसायनांवर, म्हणजे सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिनवरही करतं. म्हणून जांभया, काटा, जुलाब हे एका बाजूचं, आणि घाबरं होणं, डोक्यात करंट हे दुसऱ्या बाजूचं. तुम्हाला दोन्ही झालं. त्रास साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि बंद केल्यावर पाठ उफाळून येते ती बरेचदा त्यातलीच असते. मणका मोडलेला नसतो. तुम्ही ज्या पहाटे गोळी घेतली ती सगळ्यात वाईट वेळ होती. तुमचा निश्चय कमी पडला नाही हो.

गोळ्या कमी करायच्या त्या हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. वर्षाहून जास्त झालं असेल तर साधारण महिन्याला १० टक्के हा सावध वेग धरतात, शरीर काय म्हणतं ते बघून मागेपुढे करतात. आठातली एक गोळी म्हणजे साधारण तेवढंच. म्हणजे सुट्टीचं काम नाही हे, पुढचा उन्हाळा धरून चला. अजून एक, आठ गोळ्यांत पॅरासिटामॉल २६०० मिलिग्रॅम जातं, तेव्हा वर तापाची गोळी घेऊ नका. पूर्वी कधी फिट आली असेल किंवा डिप्रेशनचं औषध चालू असेल तर ते पहिल्यांदा सांगा, कारण ट्रॅमाडॉलने फिट येऊ शकते.

जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढून ओपीडीत दाखवता येतं, भरती प्रत्येकाला लागत नाही. आधी बोलायचं असेल तर १४४१६ (टेलिमानस, मानसिक आरोग्याची) किंवा व्यसनमुक्तीची १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे.

प्रतिसाद २

ताई, मी धुळ्याचा, ट्रक चालवतो. मुंबई-आग्रा रोडवर खांदा निखळला होता, मला टॅपेंटाडॉल होती, तीही अशीच सवय लावणारी दुखण्याची गोळी. कायद्याचं सांगतो. ट्रॅमाडॉल २०१८ मध्ये त्या कायद्याखाली आलं हे खरं आहे, पण स्वतःहून सरकारी दवाखान्यात उपचाराला येणाऱ्याला संरक्षण देणारं ६४-अ कलमही त्याच कायद्यात आहे. मला डॉक्टरांनी पोलिसाचं नावसुद्धा काढलं नाही. चिठ्ठीशिवाय दुकानं फिरण्यापेक्षा एका डॉक्टरच्या चिठ्ठीवर राहणं केव्हाही सुरक्षित.

मला साडेसात महिने लागले. शेवटच्या दोन गोळ्या सगळ्यात जड गेल्या, तिथे दोन महिने थांबलो. झोप परत यायला अजून वेळ लागला. रोज एकाच घड्याळी वेळेला घ्यायचो, दुखलं म्हणून नाही, वेळ झाली म्हणून. त्याने फार फरक पडला. आणि गोळ्या बायकोच्या ताब्यात दिल्या, ती रोजच्या मोजून द्यायची. पहिल्या दिवशी तिच्यासमोर हात पुढे करताना मान वर होत नव्हती.

प्रतिसाद १

मी परिचारिकाच, परत लिहिते. वरच्या दादांचं बरोबर आहे. एक राहिलं: कमी केल्यावर किंवा सुटल्यावर एखाद्या वाईट दिवशी पूर्वीएवढ्या एकदम घेऊ नका. शरीराची सहन करायची ताकद उतरलेली असते, जिवावर बेतू शकतं. पाठीसाठी फिजिओथेरपी आत्तापासूनच सुरू करा, गोळ्या सुटायची वाट पाहू नका.

धागाकर्ती

काल रात्री ह्यांना डबा काढून दाखवला. कुरडया बाजूला करून स्ट्रिप्स ओट्यावर मांडल्या, अकरा निघाल्या. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘तू अमळनेरला आजारी पडली होतीस ते हेच का?’ मी हो म्हटलं. अल्प्राझोलाम त्यांच्याकडे दिलीय. मंगळवारी रजा टाकून जळगावला जातोय, डिस्चार्जचा कागद आणि एक्स-रे पिशवीत भरून ठेवलेत. ओपीडीत पहिल्यांदा गेल्यावर सगळं ह्यांच्यासमोरच विचारतात, की एकटीशी बोलतात? ऊब यायची ते मला ह्यांच्यासमोर सांगता येणार नाही.