देवाधर्मावरचा विनोद तुम्हाला कधी लागलाय का? अनुभव सांगा

सावंतवाडीची सून
गौरी जेवायला बसलेल्या आणि भाच्याने मोबाईलवर कुठल्यातरी स्टॅन्डअपवाल्याची क्लिप लावली, गणपतीच्या पोटावरून काहीतरी होतं. आम्ही दोघी हसलो आणि दादा ताट सरकवून उठला, अर्धी पुरणपोळी तशीच. भाचा रडवेला झाला. तेव्हापासून डोक्यात एकच आठवण घोळतेय म्हणून लिहितेय.

लहानपणी आमच्या गावच्या जत्रेत दशावतार, म्हणजे आमचं कोकणातलं रात्रभर चालणारं नाटक. आधी गणपती यायचा, सगळे हात जोडायचे, बायका लुगड्याचा पदर डोक्यावर घ्यायच्या. आणि थोड्या वेळाने तिथेच वेद चोरणारा राक्षस संकासुर, काळा बुरखा, लोंबती लाल जीभ, भटजीला म्हणायचा "वेद माझ्याकडे आसत, मगे तू दक्षिणा कसली मागतंस?" संहिता वगैरे काही नसते, तोंडाला येईल ते बोलतात. खरे गावचे भटजी पुढेच बसलेले असायचे आणि उपरण्याने डोळे पुसत हसायचे. मी एकदा आत डोकावले तर तोच संकासुर रंगायच्या आधी वेषभूषेच्या पेटाऱ्यापुढे डोकं टेकून बसला होता, किती वेळ तरी. मग आता काय बदललं? तो माणूस आपला होता म्हणून चाललं का? मला खरंच तुमच्याकडून ऐकायचंय.

कुडाळकर७
पायपेटी आणि मृदंग ऐकू आला वाचताना!! आणि खाजा? खाज्याबद्दल लिहिलंच नाही तुम्ही. आलं घातलेला गुळाचा खाजा, पहाटे चारला कागदात बांधून.

कीर्तनकाराची लेक
माझे बाबा कीर्तन करायचे. नाथांचं रोडग्याचं भारूड म्हणजे त्यांचा हुकमाचा पत्ता. सासू मरू दे, नणंदेच्या पोराला खरूज होऊ दे म्हणून भवानीला रोडगा कबूल करणारी बाई ते अशी उभी करायचे की मांडव हसून लोळायचा. चारशे वर्षांपूर्वी नाथांनी नवसाची टर उडवली, कुणी त्यांचं भारूड बंद पाडत नाही. पण एका गावात बाबा पुढे बसलेल्या एका बाईकडे बघून नवसावर काही बोलले, लोक हसले, ती पण हसली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. चौकशी केली तर मूल होत नव्हतं आणि तीन ठिकाणी नवस बोललेले. बाबा तिच्या घरी गेले, ओट्यावर बसून चहा प्यायले, माफी मागितली. नंतर भारूड तेच पण नजर वर मांडवाच्या कळकाकडे. मला वाटतं सगळा फरक त्या नजरेत आहे.

ऋतू
आवंढा आला गं. भाजी लागली माझी खाली, नंतर लिहिते

मिरजकर शेख
ताई मी सांगतो. पुण्यात शोला गेलो होतो, लग्नाला दोन महिने झालेले. त्याने पहिल्या रांगेत नावं विचारायला सुरुवात केली, मी नाव सांगितलं आणि लगेच बॉम्बचा जोक. सगळं सभागृह हसलं, मी पण हसलो, न हसून सांगता कुणाला. बायकोने माझा हात धरला होता तो तिने सोडून पर्स घट्ट धरली, बाहेर पडेपर्यंत. आमच्याकडे मौलवींवर विनोद रोज होतात, अब्बाच सांगतात जेवताना, पोट दुखेपर्यंत हसतो. त्या दिवशी विनोद धर्मावर नव्हताच, माझ्यावर होता.

सावंतवाडीची सून
शेखभाऊ, काय बोलू. वहिनींना सांगा की इथे एक बाई वाचून रडली.

माउली भक्त
मला मात्र लागतं आणि लपवणार नाही. आजोबा 31 वर्षं वारीला गेले, शेवटच्या वर्षी वाखरीला पाय इतके सुजले की चप्पल चढेना, अनवाणी गेले. त्या वारीवर कोणीतरी एसीत उभा राहून बोलतो तेव्हा आजोबांचे पाय दिसतात. पोलिसात नाही गेलो, बघणं बंद केलं. पण दरवेळी आमच्यावरच का, दुसऱ्यांवर करून दाखवा की.

निखिल_वकिली
माउली, तुमचं दुखणं खरंय, बघणं बंद करणं हा तुमचा हक्कच. पण "करून दाखवा" याचा अर्थ अजून एकजण आत, एवढाच होतो. स्टॅन्डअपवाल्या मुनव्वर फारुकीला 1 जानेवारी 2021 ला इंदूरला पकडलं, सुप्रीम कोर्टाने 5 फेब्रुवारीला अंतरिम जामीन दिला, महिना उलटून गेला. टीव्हीवरच्या विनोदी नटाला, किकू शारदाला, जानेवारी 2016 मध्ये डेरा सच्चा सौदाच्या राम रहीम बाबाची नक्कल केली म्हणून अटक, आणि 2017 च्या ऑगस्टमध्ये तो बाबाच बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरला. धर्माचा अपमान केल्याबद्दलचं दंडसंहितेतलं 295अ हे कलम 1927 चं, आता न्याय संहितेत 299. त्यात "जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने" असे शब्द आहेत, भावना दुखावली एवढ्याने गुन्हा होत नाही. पण हे कोर्टात ठरेपर्यंत पोरगं आत असतं.

माउली भक्त
जेलमध्ये टाका असं मी कधीच म्हणणार नाही हो. आजोबांनाही पटलं नसतं.

वसईची मारिया
आमच्या चर्चमधले फादर स्वतःच प्रवचनात पाद्र्यांवर विनोद सांगतात, लोक गाणी विसरतात पण ते जोक घरी नेतात. राग कशाचा येतो तर सिनेमात ख्रिस्ती माणूस म्हणजे दारूची बाटली घेऊनच येणार याचा. माझे पप्पा आयुष्यात कधी प्यायले नाहीत, बँकेत एकाने विचारलं "तुमच्याकडे तर चालतंच ना". पप्पा नुसते हसले, घरी येऊन दोन दिवस गप्प.

ऋतू
आले परत. भाजी टाकली, खिचडी लावली. मारिया, त्या फादरांचा एखादा जोक टाक ना

वसईची मारिया
उद्या टाकते, आत्ता लेकाची परीक्षा

सावंतवाडीची सून
दादाशी बोलले काल. म्हणाला की क्लिपचा राग नव्हता, आईच्या माघारी पहिल्याच गौरी आणि तिच्या जागेवर बसून कोणीतरी हसतंय ते सहन झालं नाही. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. भाच्याला त्याने स्वतः फोन केला.

कुडाळकर७
यंदा त्रिपुरीनंतर जत्रा सुरू होतील, शेखभाऊ वहिनींना घेऊन या, घर आहे आमचं.

मिरजकर शेख
येतो. मिरजेहून रात्रीची गाडी असते का तिकडे? आणि खाजा अर्धा किलो बांधून ठेवा.