पोर्ट्रेट स्पर्धेत फोटोवरून केलेलं चित्र चालावं का?

गंगेवरचा: राष्ट्रीय पोर्ट्रेट स्पर्धेचं पत्रक परवापासून नाशिकच्या चित्रकारांच्या ग्रुपवर फिरतंय. स्थानिकांनी चित्रं पाठवावीत असा आग्रह आहे, छान आहे. पण नियमांतली एक ओळ खटकली: 'छायाचित्रावरून केलेले चित्रही चालेल.' का चालावं? निदान एक सिटिंग माणूस समोर बसवून झालंच पाहिजे. ऑस्ट्रेलियातल्या आर्चिबाल्ड स्पर्धेत तसा नियम आहे, आणि ती १९२१ पासून चालू आहे. आपल्याकडे मोबाइलवर फोटो, मग प्रोजेक्टर, ट्रेस आणि वरून रंग. जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगतं, कान मागे जातात. तेच नाक कॅनव्हासवर उतरतं आणि बघणारे म्हणतात, काय हुबेहूब! सा. ल. हळदणकरांचं दिवा धरलेल्या बाईचं जलरंगातलं चित्र (मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं, लोक अजून रविवर्म्याचं समजतात) त्यांनी स्वतःच्या मुलीला समोर उभं करून केलं होतं.

तांबट लेन: रविवर्म्याचं नाव काढलंत ते बरं झालं. तेही फोटोंचा आधार घेत. त्यांना बाद करणार? मी सातपूरला पहिल्या पाळीत आहे, घरी येईपर्यंत चार. मॉडेल कुठून आणू? आणला तरी तासाभरात उजेड फिरतो. आमच्या खोलीला एकसारखा उजेड देणारी उत्तरेची खिडकी नाही, दक्षिणेची आहे आणि समोर शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. मोठ्या स्टुडिओवाल्यांनी स्वतःसाठी केलेला नियम म्हणा ना!

जलरंगी: मुळात नाशिकला चेहऱ्याची सवयच नाही. शिवाजी तुपेंमुळे आपली ओळख जलरंगातल्या निसर्गचित्रांची. आम्ही सगळे वर्षानुवर्षं घाट, देवळाच्या पायऱ्या आणि पाण्यातलं प्रतिबिंब करतोय. माणूस आला तरी छत्रीखालचा ठिपका. फोटो बंद केलात तर इथून किती जण उतरतील? मी तरी नाही.

गंगेवरचा: @तांबट लेन मॉडेल पैसे देऊनच मिळतो असं नाही. बुधवारच्या बाजारात गंगेवर, म्हणजे आपल्या गोदेकाठी, या. दुपारी गिऱ्हाईक नसताना भाजीवाल्या तासतास एका जागी असतात.

ओला कॅनव्हास: आणि त्यांना विचारायचं कोणी? न विचारता चेहरा उचलायचा, तो राष्ट्रीय स्पर्धेत टांगायचा, बक्षीस आपल्या खिशात. रामकुंडावरच्या साधूंकडून शिका, ते आधी दक्षिणा ठरवतात :)
बाकी नियम काहीही ठेवा, चित्र धड परत पाठवा. मागे एका स्पर्धेतून माझं काच फुटून आलं होतं, कागदावर सरळ चरा.

जलरंगी: घरातलं माणूस आहेच की. वासुदेव कामतांना २००६ मध्ये अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचं मोठं पारितोषिक मिळालं ते पत्नीच्या पोर्ट्रेटलाच.

तांबट लेन: आमच्या घरात पाच मिनिटं कोणी बसत नाही. सौ. बसली की कुकर शिट्टी देतो. आणि वडील गेले, मागे एकच फोटो आहे, पासपोर्टचा. मला पहिलं पोर्ट्रेट त्यांचंच करायचंय. तुमच्या नियमाने ते स्पर्धेला अपात्र.

गंगेवरचा: वडिलांबद्दलचं तुमचं म्हणणं पटतं. गेलेल्या माणसांसाठी वेगळा विभाग ठेवा, त्याला हरकत नाही. जिवंत माणसासाठी मात्र मी हटणार नाही. तुम्हाला शनिवारी सुट्टी ना? सकाळी माझ्याकडे या. तासभर तुम्ही बसा, तासभर मी बसतो.

तांबट लेन: येतो. पण तुम्ही तोवर दाढी करू नका. गुळगुळीत गाल मला जमत नाहीत.