पारोळ्याचा किल्ला आभासी जगात उभारताना लिनक्सवर फायरस्टॉर्म फार संथ चालतो, सल्ला हवा

अमळनेरकर :
नमस्कार मंडळी. आमच्या शाळेच्या इतिहास मंडळाला पारोळ्याच्या भुईकोट किल्ल्याची प्रतिकृती आभासी जगात उभारायची आहे, म्हणजे नववीच्या मुलांना वर्गात बसूनच खंदकापासून बुरुजापर्यंत हिंडता येईल. त्यासाठी आभासी जग चालवणारा ओपनसिम्युलेटर हा सर्व्हर मी स्वतःच्याच लॅपटॉपवर बसवला असून ते जग पडद्यावर दाखवणाऱ्या फायरस्टॉर्म या क्लायंटमधून त्यात प्रवेश करतो. लॅपटॉपमध्ये सहाव्या पिढीचा इंटेल आय-५ प्रोसेसर, सोबत एनव्हिडियाचे ९४०एमएक्स ग्राफिक्स, ८ जीबी रॅम आणि लिनक्स मिंट २२.१ आहे. प्रवेश होतो, भिंतीही दिसतात. मात्र चित्र सेकंदाला पाच-सहा फ्रेमच्या वर जात नाही आणि दुपारच्या वेळी तर त्याहूनही खाली येते. पूर्वीच्या आवृत्तीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड लायटिंग’ बंद करण्याची सोय होती, ती आता कुठेच सापडत नाही. शिवाय चॅटमध्ये देवनागरी लिहिली की अक्षरांच्या जागी चौकोन येतात. जुन्या आवृत्तीकडे परतावे, विंडोज टाकावे की मंडळाकडे नव्या लॅपटॉपसाठी शब्द टाकावा, याबद्दल जाणकारांनी सांगावे.

धुळेकर :
सर, जुनी आवृत्ती टाका आणि मोकळे व्हा. माझ्याकडे तीच सुरळीत चालते.

भुसावळ_यार्ड :
धुळेकर भाऊंचा उपाय तात्पुरता चालेल, पण मी तो सुचवणार नाही. २०२४ मध्ये फायरस्टॉर्मने पीबीआर म्हणजे पृष्ठभागावरचा प्रकाश अधिक वास्तव दाखवणारी पद्धत स्वीकारली आणि तेव्हापासून प्रकाशाची जुनी, हलकी पद्धत क्लायंटमधून काढून टाकली गेली. सरांना तो पर्याय सापडत नाही तो याच कारणाने. जुन्या क्लायंटमध्ये नव्या पद्धतीचे दगड, लाकूड, धातू नीट दिसत नाहीत, त्यामुळे आज वाचलेला त्रास किल्ल्यावर पोत चढवताना पुन्हा समोर येईल.

मुळात कोणतीही सेटिंग हलवण्यापूर्वी चित्र नेमके कोणती चिप काढते आहे हे पाहावे. संथपणाच्या बहुतेक तक्रारींत लोक ग्राफिक्सची एकेक खूण काढत आणि घालत बसतात, आणि खरे कारण ड्रायव्हरमध्ये असते. फायरस्टॉर्म उघडा, लॉगिन करण्याची गरज नाही, आणि हेल्प मेनूतील ‘अबाउट फायरस्टॉर्म’ पाहा. तिथे ग्राफिक्स कार्डाचे नाव आणि ओपनजीएलची (चित्र काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रणालीची) आवृत्ती दिलेली असते. नावात ‘एलएलव्हीएमपाइप’ असेल तर ग्राफिक्स चिप वापरातच नाही, सगळे काम प्रोसेसर ओढतो आहे. इंटेल असेल तर प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स वापरले जात आहेत. ते पीबीआर दाखवू शकतात, पण रखडत. एनव्हिडिया दिसले तरच आपण पैसे मोजलेली चिप कामाला लागलेली आहे. हीच माहिती लॉगमध्येही नोंदलेली असते : होम फोल्डरमध्ये कंट्रोल-एच दाबून लपलेले फोल्डर उघड करावेत आणि फायरस्टॉर्मच्या फोल्डरातील ‘लॉग्ज’मध्ये पाहावे. क्लायंट मध्येच बंद पडत असेल तर त्या फाइलच्या शेवटच्या ओळी इथे द्याव्यात. ‘चालत नाही’ एवढ्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही.

अमळनेरकर :
आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले, तिथे इंटेलचे नाव आहे. ड्रायव्हर मॅनेजरमध्ये एनव्हिडियाचा शिफारस केलेला ड्रायव्हर बसलेला दिसतो, तरी टर्मिनलमध्ये ‘एनव्हिडिया-एसएमआय’ दिले की ड्रायव्हरशी संपर्क होऊ शकला नाही असे उत्तर येते.

भुसावळ_यार्ड :
मग सिक्युअर बूट, म्हणजे यंत्र सुरू होताना फक्त सही असलेलेच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय, चालू असण्याची शक्यता सर्वाधिक आहे. ते चालू असताना कर्नल (लिनक्सचा गाभा) सही नसलेले मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा भाग, आत घेत नाही. म्हणून ड्रायव्हर डिस्कवर असतो पण चालू होत नाही, आणि यंत्र काहीही न बोलता इंटेलवर काम भागवते. ‘मोकयुटिल’ या आज्ञेने सिक्युअर बूटची स्थिती कळते. उपाय दोन आहेत. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करणे हा सोपा; लॅपटॉपवर विंडोजही असेल आणि त्याची डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या सोयीने कुलूपबंद असेल, तर आधी रिकव्हरी की हाताशी ठेवावी. मला दुसरा अधिक पटतो : ड्रायव्हर पुन्हा बसवावा, मध्ये विचारला जाणारा पासवर्ड कागदावर लिहून ठेवावा, आणि यंत्र सुरू होताना निळा पडदा आला की ‘एनरोल मोक’ (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवणे) निवडून तोच पासवर्ड द्यावा. हा पडदा काही सेकंदच थांबतो, त्यामुळे पुन्हा सुरू करताना समोरून उठू नये.

त्यानंतरही एक पायरी राहते. दोन चिप असलेल्या यंत्रावर मिंट सहसा ‘ऑन डिमांड’ पद्धत ठेवते, म्हणजे मागितल्याशिवाय एनव्हिडिया मिळत नाही. मेनूतील फायरस्टॉर्मच्या चिन्हावर उजवी क्लिक करून एनव्हिडियावर चालवण्याचा पर्याय घ्यावा आणि ‘अबाउट’मध्ये नाव बदलल्याची खात्री करावी.

तापीकाठ :
दुपारी वेग आणखी घसरतो, याकडे कोणी लक्ष दिलेले दिसत नाही. आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. अशा खोलीत लॅपटॉपचा प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि दोष क्लायंटवर येतो. ‘सेन्सर्स’ ही आज्ञा चालू ठेवून तापमान पाहा. पंख्याची धूळ काढून घ्या आणि फायरस्टॉर्मच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा ३० वर बांधून टाका. किल्ला पाहायला त्याहून जास्त लागत नाही. सावल्या पूर्ण बंद, पाण्यातील आणि वस्तूंवरील प्रतिबिंबे सर्वांत खाली, आणि दृश्य अंतर १२८ मीटर ठेवा. लोडशेडिंगमध्ये लॅपटॉप बॅटरीवर गेला की पॉवर मोड ‘सेव्हर’वर जात नाही ना, तेही तपासा.

दुसरे असे की सर्व्हर आणि क्लायंट एकाच ८ जीबीच्या यंत्रावर चालवू नयेत. शाळेत एखादा जुना डेस्कटॉप पडून असेल तर ओपनसिम्युलेटर त्यावर हलवा. संगणक कक्षातील सगळी यंत्रे एकाच नेटवर्कवर असल्यास इंटरनेट गेले तरी किल्ला बंद पडत नाही, आपल्याकडे हा मोठाच फायदा आहे. फक्त रीजनच्या (आभासी जमिनीच्या तुकड्याच्या) फाइलमध्ये ‘एक्स्टर्नल होस्टनेम’च्या जागी त्या डेस्कटॉपचा नेटवर्क पत्ता लिहावा आणि ९००० क्रमांकाचा पोर्ट टीसीपी व यूडीपी या नेटवर्कवरील माहिती पाठवण्याच्या दोन्ही पद्धतींसाठी खुला ठेवावा. यूडीपी विसरले तर लॉगिन सुरू झाल्यासारखे वाटते, पण आत शिरता येत नाही.

चोपडेकर :
देवनागरीबद्दल थोडे लिहिते. चौकोन दिसतात ते फाँट न सापडल्यामुळे. नोटो देवनागरी फाँट बसवून क्लायंट पुन्हा सुरू केला की अक्षरे यायला हवीत. तथापि जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी यांची जुळणी बिघडलेली दिसण्याची तयारी ठेवावी. म्हणून किल्ल्यातील माहितीफलक चॅटमध्ये किंवा नोटकार्डमध्ये न लिहिता इंकस्केप या चित्रे काढण्याच्या प्रोग्राममध्ये तयार करून पीएनजी चित्र म्हणून चढवावेत आणि फळीवर पोत म्हणून लावावेत, म्हणजे मजकूर हवा तसाच दिसतो. सेकंड लाइफ या दुसऱ्या आभासी जगात असे चित्र चढवायला लिंडन डॉलर, म्हणजे तिथले चलन, मोजावे लागतात. आपल्या स्वतःच्या ओपनसिम्युलेटरवर ते फुकट आहे, त्यामुळे चुकलेला फलक पुन्हा करायला कचरू नका.

अमळनेरकर :
सर्वांचे मनापासून आभार. निळ्या पडद्यावर पासवर्ड दिल्यानंतर ‘अबाउट’मध्ये एनव्हिडियाचे नाव आले आणि सावल्या बंद ठेवल्यावर फ्रेम तिशीला टेकतात. नव्या लॅपटॉपची मागणी आता करत नाही. ताईंच्या सूचनेप्रमाणे दरवाजाजवळचा पहिला फलक लावला, तो स्वच्छ वाचता येतो. सर्व्हर शाळेच्या डेस्कटॉपवर हलवायचा आहे. तेव्हा आतापर्यंत बांधलेल्या भिंती सोबत कशा न्यायच्या?

भुसावळ_यार्ड :
सर्व्हरच्या काळ्या खिडकीत ‘सेव्ह ओएआर’ (ओएआर म्हणजे संपूर्ण रीजनची साठवण फाइल) ही आज्ञा देऊन फाइलला नाव द्या. जमीन, भिंती आणि पोत सगळे त्या एका फाइलमध्ये येते. नव्या यंत्रावर तेवढ्याच आकाराचा रीजन तयार करून ‘लोड ओएआर’ द्या. एक रीजन मुळात २५६ बाय २५६ मीटरचा असतो. खंदकासह किल्ला त्यात मावत नसेल तर २५६ च्या पटीत मोठा रीजन करता येतो, पण ते माप बांधकाम वाढण्यापूर्वी ठरवा. आणि मुलांना आत सोडण्याच्या आदल्या दिवशी आणखी एक ओएआर काढून पेनड्राइव्हवर ठेवा.