पॉवर सप्लायवर काटकसर नको

लॅपटॉप सोडून स्वतः डेस्कटॉप जुळवताना पैसे कुठे वाचवावेत, असं तुम्ही विचारलंय. कॅबिनेटवर वाचवा, रंगीत दिव्यांवर वाचवा, पण पॉवर सप्लायवर, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, अजिबात नको. मी वीसेक वर्षं लॅपटॉप वापरून मग स्वतः मशीन जोडलं, आणि हे कळकळीनं सांगतोय. '८० प्लस गोल्ड' हा शिक्का फक्त वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. जास्त भार आला किंवा शॉर्ट झालं तर सप्लाय वेळीच बंद पडेल का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी त्या विशिष्ट मॉडेलच्या चाचण्या वाचा. आणखी एक, मॉड्युलर सप्लायच्या, म्हणजे ज्याच्या केबल काढता-लावता येतात त्याच्या, केबल दुसऱ्या कंपनीच्या सप्लायला कधीच लावू नका. प्लग बसतो, पण सप्लायच्या बाजूची पिनांची रचना वेगळी असू शकते, आणि डिस्क जळतात. माझी एक हार्ड डिस्क अशीच गेली. त्यात घरचे फोटो होते.

रॅमचं सोपं आहे: एक मोठी पट्टी घेण्याऐवजी सारख्या दोन घ्या. एएम५ बोर्डाला (एएमडी प्रोसेसरसाठीच्या एका प्रकारच्या मदरबोर्डाला) डीडीआर५ पिढीची रॅमच लागते, जुनी डीडीआर४ त्यात बसणारच नाही. जोडून झाल्यावर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सपो किंवा एक्सएमपी हे रॅमच्या वेगाचं सेटिंग चालू करा, नाहीतर रॅम तिच्या छापील वेगापेक्षा हळू चालत राहते आणि महिनोन्महिने लक्षातही येत नाही.

मॉनिटरची केबल मात्र ग्राफिक्स कार्डलाच लावा, मदरबोर्डला नाही.