रेट्रो मसल कार : डिझाइन की पूर्वजांच्या पुण्याईवर गुजराण?

टॉर्कराव
रेट्रो मसल कार म्हणजे दणकट इंजिनाच्या अमेरिकन गाड्या जुन्याच चेहऱ्याने पुन्हा काढायच्या. त्यातली फोर्डची २००५ची मस्टँग मलाही आवडली होती. साठच्या दशकातलं पुढे झुकलेलं नाक, तीन पट्ट्यांचे टेललाइट. फोर्डचे डिझाइनप्रमुख जे मेज याला 'रेट्रोफ्युचरिझम' (जुन्या रूपातून नवी गाडी) म्हणायचे. मग २००८ला डॉजने १९७०ची चॅलेंजर उगाळली, पाठोपाठ शेवरलेने १९६९ची कॅमॅरो. आजोबांचा कोट उसवून नातवाला शिवला, झालं! २०१०च्या कॅमॅरोत बसून बघा : छप्पर डोक्यावर, दरवाजे खांद्यापर्यंत, काचा म्हणजे नुसत्या फटी. लेन बदलताना देवाचं नाव घ्यायचं. रेट्रो म्हणजे शुद्ध आळस.

बोनेटबहाद्दर
साफ असहमत. त्या फटी १९६९च्या नाहीत हो! जुन्या कॅमॅरोला दोन खिडक्यांच्या मध्ये खांबच नव्हता. दोन्ही काचा खाली केल्या की बाजू सताड उघडी. आजचे जाड दरवाजे साइड-इम्पॅक्टसाठी, म्हणजे बाजूने धडक बसली तर वाचवायला, आहेत. त्यात कॅमॅरोच्या तगड्या एसएस आवृत्तीला २० इंची चाकं. ती शोभावीत म्हणून अंगही चढवलं. खापर रेट्रोवर का? आणि ती 'आळशी' चॅलेंजर जवळपास त्याच चेहऱ्याने २०२३पर्यंत चालली. २०२१ला अमेरिकेत मस्टँगपेक्षा जास्त खपली. गिऱ्हाईक काय खुळं आहे?

टॉर्कराव
गिऱ्हाईक चॅलेंजरच्या हेलकॅट आवृत्तीच्या ७०७ हॉर्सपॉवरवर भाळलं. नुसता चेहरा विकला जात असता तर फोर्डची थंडरबर्ड का बुडाली? मेज यांच्याच कारकिर्दीत, २००२ मॉडेल म्हणून १९५५च्या वळणावर काढली आणि २००५ला गाशा गुंडाळला.

बोनेटबहाद्दर
थंडरबर्ड मसल कार कधीपासून? ती निवांत फिरायची दोनसीटर. हेलकॅट २०१५ मॉडेलपासूनची, त्याआधी सात वर्षं चॅलेंजर कशावर तगली?

घाटातला_गिअर
दोघंही २०१५ची मस्टँग विसरलात. रेट्रो बरंच उतरवलं, मागची दोन्ही चाकं जखडणारा सॉलिड एक्सल काढून प्रत्येक चाक स्वतंत्र हलेल असं इंडिपेंडंट सस्पेन्शन दिलं, उजव्या स्टिअरिंगची कारखान्यातच बनवली. म्हणून तर २०१६ला ५ लिटर व्ही८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनासकट भारतात आली. दिवे मात्र तेच, तीन पट्ट्यांचे. ओळखीला तेवढं पुरतं. माझं मत टॉर्करावांना, पण 'आळस' जरा जास्तच झालं.

टॉर्कराव
बरं, मग डॉजच्या इलेक्ट्रिक चार्जर डेटोनाला काय म्हणणार? १९६८चं तोंड, वर व्ही८सारखा आवाज काढणारी यंत्रणा. इंजिनच नाही आणि गुरगुरतेय!

बोनेटबहाद्दर
आवाजाचं सोडा, नाक बघा. पुढची कड म्हणजे आरपार पंख आहे, हवा त्याच्या खालून शिरून बोनेटवरून जाते. जुना चौकोनी चेहरा राहिला आणि हवेचं गणितही सुटलं. जुनं जपायचं होतं म्हणूनच हे सुचलं ना?

टॉर्कराव
पंख कबूल. गुरगुर नाही.